अंग थकलंय, डोळे टक्क उघडे: कडक व्यायाम-डाएटच्या दिवसांत झोप परत कशी आणायची

रात्रीचे तीन वाजलेत हे मला घड्याळ न बघताच कळायचं. कान उशीत रुतला की स्वतःचेच ठोके ऐकू यायचे, धप धप, जणू नुकतीच चार जिने चढून आले आहे. पाय गार पडलेले, पोट पाठीला लागलेलं आणि डोक्यात एकच हिशेब: नाश्त्याला अजून चार तास. आठवड्यातून पाच दिवस वजनं, तीन दिवस धावणं आणि दिवसाला 1300 कॅलरी, या कार्यक्रमाचा तो नववा आठवडा होता. दिवसभर अंग शिशासारखं जड असायचं आणि रात्री मात्र टक्क जाग. तेव्हाच्या ट्रेनरला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, मोबाइल लवकर बंद करा, थोडी शिस्त ठेवा." मोबाइल मी नऊलाच बंद करत होते. शिस्त तर इतकी होती, की एक बिस्किटसुद्धा वजनकाट्यावर ठेवून खात होते.

खोलीत अंधार करा, स्क्रीन बंद करा, मन शांत ठेवा, हा सल्ला वाईट नाही. पण ज्याच्या अंगावर कष्ट आणि उपास एकाच वेळी पडलेत, त्याची झोप बहुतेकदा झोपायच्या खोलीत उडालेली नसते. ती जेवणाच्या ताटात आणि जिममध्ये उडालेली असते, आणि तिथेच आधी शोधावी लागते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत.

त्याआधी एक गोष्ट. तुम्हाला मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रात्री घाम फुटून, थरथरत जाग येणं म्हणजे साखर खाली गेलेली असू शकते. व्यायामाचा साखर उतरवणारा परिणाम 24 तासांपर्यंत टिकू शकतो. अशी जाग आली की लगेच साखर तपासा आणि डाएट पुढे रेटण्याआधी डॉक्टरांशी बोला. हा लेख नंतर वाचला तरी चालेल.

दमलेल्या माणसाला झोप का लागत नाही

झोप लागायची तर शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, नाडी मंदावावी लागते, ॲड्रेनलिन ओसरावं लागतं. जोरदार व्यायाम हे सगळं वर चढवतो. एरवी काही तासांत ते जागेवर येतं. पण रोजच्या रोज जोर काढला आणि मध्ये विश्रांतीचा दिवसच ठेवला नाही, की रात्रीची नाडीसुद्धा चढीच राहायला लागते.

त्यात भुकेची भर पडते. मेंदूत ओरेक्सिन नावाचं एक रसायन असतं. 1998 मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी ते जवळपास एकाच वेळी शोधलं. भूक वाढवणारं म्हणून एका गटानं भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव दिलं. पुढे लक्षात आलं, की त्याचं मोठं काम आपल्याला जागं ठेवण्याचं आहे. रक्तातली साखर घसरली, चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन आटलं, की ओरेक्सिनच्या पेशी जोमानं कामाला लागतात. यात विचित्र असं काही नाही. भुकेल्या जनावराला पडून राहणं परवडत नाही, त्याला उठून अन्न शोधायचं असतं. घरात फ्रिज भरलेला आहे आणि आपण हौसेनं उपाशी आहोत, हे मेंदूला कोण सांगणार?

पहिली पायरी: सात दिवस फक्त लिहा

पहिला आठवडा काहीही बदलू नका. एक साधी वही उशाशी ठेवा आणि रोज सकाळी पाच मिनिटं लिहा: अंथरुणात कधी पडलात, झोप अंदाजे कधी लागली, मध्ये किती वेळा जाग आली, उठलात कधी. त्याखाली आदल्या दिवसाचं: व्यायाम किती वाजता संपला, 10 पैकी किती जोराचा होता, शेवटचा चहा-कॉफी किंवा प्री-वर्कआउट (जिमआधी घ्यायची कॅफीनवाली पावडर) कधी, शेवटचं जेवण कधी, झोपताना भूक होती का. आणि उठल्या उठल्या, पाय जमिनीला लावायच्या आधी, पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची.

रात्री वेळ लिहायला घड्याळ बघू नका, सकाळी अंदाजानं लिहिलेलं पुरतं. मनगटावरच्या घड्याळातला झोपेचा स्कोअरही या आठवड्यापुरता विसरा. ती यंत्रं तुम्ही एकूण किती वेळ झोपलात हे बऱ्यापैकी सांगतात, गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती हे सांगताना बरीच चुकतात. त्या आकड्यांच्या काळजीनंच झोप उडालेले लोक इतके दिसायला लागले, की 2017 मध्ये संशोधकांनी या प्रकाराला ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं.

नाडीचा आकडा मात्र कामाचा आहे. तुमची सकाळची नाडी एरवी 58 असेल आणि सलग चार-पाच दिवस 64-65 येत असेल, तर शरीर कालचा हिशेब चुकता करायच्या आत आजचा व्यायाम त्याच्या डोक्यावर येऊन बसतोय.

दुसरी पायरी: तुमची जाग कुठल्या जातीची

आठवड्याची वही वाचली की चित्र साफ होतं. पडल्यावर तासभर झोपच लागत नाही, अंग गरम, डोक्यात विचारांची चक्रं फिरतायत: इथे संशय उशिराच्या व्यायामावर आणि कॅफीनवर. झोप पटकन लागते पण दोन ते चारच्या दरम्यान धडधडत जाग येते: बहुतेकदा कमी खाणं, क्वचित दारू. लघवीला दोन-तीनदा उठावं लागतं: पाण्याची वेळ चुकतेय. प्रथिनं जास्त आणि कर्बोदकं अगदी कमी असली तरी सुरुवातीला लघवी वाढते. पाय स्वस्थ राहत नाहीत, हलवल्याशिवाय चैन पडत नाही: याचं उत्तर कदाचित रक्ताच्या तपासणीत सापडेल, त्याबद्दल पुढे.

आणखी एक जात आहे, जिला लोक निद्रानाश म्हणतात पण तो निद्रानाश नसतो. रात्री साडेअकराला पडायचं आणि जिमसाठी साडेचारचा गजर लावायचा. ही पाच तासांची झोप कोणी हिरावून घेतलेली नाही, आपणच कापली आहे. पहाटेची झोप कापली की स्वप्नांच्या झोपेला मोठी कात्री लागते, कारण ती शेवटच्या तृतीयांशात एकवटलेली असते.

वजन उतरवायचं असेल तर हा व्यवहार तोट्याचा आहे. 2010 मध्ये शिकागोतल्या संशोधकांनी जादा वजनाच्या दहा माणसांना दोन-दोन आठवडे मोजूनमापून कमी खायला दिलं, एकदा अंथरुणात साडेआठ तास ठेवून आणि एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा साधारण तीन किलो उतरलं. पण भरपूर झोपेच्या वेळी त्यातली 1.4 किलो चरबी होती, आणि अपुऱ्या झोपेच्या वेळी फक्त 0.6. बाकीचं स्नायूंसारख्या उपयोगाच्या ऊतींमधून गेलं. काट्यावरचा आकडा तोच! पहाटेच्या व्यायामाला माझा विरोध नाही, पण मग साडेनऊला दिवा मालवायची तयारी हवी. ती नसेल तर आठवड्यातले दोन गजर काढून टाका आणि झोपा.

तिसरी पायरी: कॅफीनचा खरा हिशेब

इथे लगेच फरक पडतो म्हणून हे आधी. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. काहींना याहून खूप कमी, काहींना जवळपास दुप्पट. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा काळ बराच लांबतो. संध्याकाळी सहाला प्री-वर्कआउटचा एक चमचा घेतला, त्यात 200 मिलिग्रॅम कॅफीन होतं असं धरा. रात्री अकराला अंगात 100 मिलिग्रॅम उरलं. म्हणजे कपभर कॉफी नुकतीच पिऊन तुम्ही पलंगावर आडवे झालात. पहाटे चारला अजून 50 बाकी. एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफीननं झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती.

डाएटवर असताना कॅफीन नकळत वाढतं, हे मला वही लिहिल्यावरच दिसलं. भूक मारायला काळी कॉफी, दुपारच्या मरगळीला आणखी एक, गोड खावंसं वाटलं की साखर नसलेला कोला, जिमआधी पावडर. दिवसाला चार-पाचशे मिलिग्रॅम सहज होत होते, आणि मी स्वतःला "फारशी कॉफी न पिणारी" समजत होते.

दुपारी बारानंतर कॅफीन बंद. एकदम तोडलं तर दोन-तीन दिवस डोकं ठणकतं, म्हणून आठवडाभरात उतरवत न्या. प्री-वर्कआउटच्या डब्यामागचं लेबल वाचा. एका मापात 150 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन ही नेहमीची गोष्ट आहे. फॅट बर्नर म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत अनेकदा कॅफीनबरोबर योहिंबिन किंवा सिनेफ्रिन अशी उत्तेजक द्रव्यं असतात. त्यातलं योहिंबिन थेट नॉरॲड्रेनलिन, म्हणजे ॲड्रेनलिनचं भावंड, वाढवतं. झोप गेलेल्या माणसानं अशी गोळी चालू ठेवणं म्हणजे एका पायानं ब्रेक दाबून दुसऱ्यानं ॲक्सिलरेटर दाबणं. माझं मत विचाराल तर डबा सरळ फेकून द्या.

चौथी पायरी: ताटात काय कमी पडतंय

बहुतेकांचं दुखणं इथे असतं आणि बहुतेक जण शेवटपर्यंत इथे बघत नाहीत, कारण खाणं वाढवणं म्हणजे हरणं असं वाटतं.

एक हिशेब करून बघा. वजनातून चरबी वजा करा. उरलं ते स्नायू, हाडं, अवयव वगैरे, त्याला चरबीविरहित वजन म्हणू. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामात जळालेल्या कॅलरी वजा करा आणि उत्तराला चरबीविरहित वजनानं भागा. शरीराच्या रोजच्या कारभाराला दर किलोमागे किती ऊर्जा उरते, ते यातून कळतं. साधारण 45 कॅलरी असेल तर कारभार निवांत चालतो. बराच काळ हा आकडा 30 च्या खाली राहिला, की शरीर काटकसर सुरू करतं: थायरॉइडचं काम मंदावतं, हातपाय गार पडतात, पाळी अनियमित होते, चिडचिड वाढते, झोप विस्कटते. 30 ची ही रेघ मुख्यतः स्त्रियांवरच्या अभ्यासांतून आली आहे. पुरुषांत ती इतकी ठळक नाही, पण दिशा तीच.

आता माझा तेव्हाचा आकडा. वजन 60 किलो, चरबी साधारण 25 टक्के, म्हणजे चरबीविरहित वजन 45. खाणं 1300, व्यायाम सुमारे 400. उरल्या 900. भागिले 45, उत्तर 20. हा आकडा कागदावर बघितला आणि रात्री तीनच्या धडधडीचं कोडं तिथल्या तिथे सुटलं. 30 च्या रेघेवर यायचं तरी 1750 कॅलरी लागत होत्या. मी रोज साडेचारशे कमी खाऊन, वर आपली इच्छाशक्ती कमी पडतेय म्हणून स्वतःलाच बोल लावत होते.

उपाशी शरीराचं वागणं काही आज कळलेलं नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ते उन्हाळ्यातही थंडी वाजते म्हणायचे, त्यांच्या बोलण्यात सारखं खाणंच यायचं, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले होते. रात्री अंथरुणात पडून जेवणाचे व्हिडिओ बघत बसणाऱ्यांनी यात स्वतःला ओळखायला हरकत नाही.

मग करायचं काय? एक आठवडा रोज 200 ते 300 कॅलरी वाढवा आणि त्यातला मोठा वाटा कर्बोदकांचा ठेवून तो रात्रीच्या जेवणात घाला. भात, बटाटा, ओट्स, फळं, जे पचतं ते. रात्री कर्बोदकं खाल्ली की चरबी होते, हा समज जिममध्ये फार पक्का आहे. दिवसभराची बेरीज तीच असेल तर घास रात्री पडला म्हणून काही बिघडत नाही. उलट व्यायामात रिकामा झालेला ग्लायकोजेनचा (स्नायू आणि यकृतात ठेवलेल्या साखरेचा) साठा त्यातून भरतो, आणि यकृतात साठा असला की रात्रभर साखर टिकवायला शरीराला ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉलची मदत कमी लागते. शिवाय कर्बोदकांमुळे इन्सुलिन वाढतं, ते इतर अमिनो आम्लांना स्नायूंत ढकलतं आणि ट्रिप्टोफॅनला मेंदूत शिरायला वाट मोकळी होते. मेंदू त्यापासून सेरोटोनिन आणि झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन बनवतो.

जेवणाची वेळही बघा. झोपायच्या आधी दोन ते चार तास, हे सोयीचं अंतर. दिवसातले आठच तास खायचं आणि बाकी उपास, अशा आठ तासांच्या खिडकीत खाणाऱ्यांपैकी काहींचं शेवटचं जेवण चार वाजता होतं आणि झोप अकराला. सात तास रिकाम्या पोटी राहून पडल्यावर तीनला जाग न आली तरच नवल. खिडकी मोडायची नसेल तर ती पुढे सरकवा. सकाळचं जेवण उशिरा करा, रात्रीचं टिकवा. आणि दिवसभर अर्धपोटी राहून सगळी भूक रात्रीवर ढकलणाऱ्यांचं पोट मग तडस लागेपर्यंत भरतं, जळजळ होते, झोप पुन्हा जातेच.

पाणी दिवसा प्या. व्यायामानंतर एकदा भरपूर, मग झोपायच्या दोन तास आधीपासून घोटभरच. खूप घाम गाळून मीठ मात्र अगदी तोडलेलं असेल, तर ते थोडं परत आणा. रक्तदाबासाठी मीठ बंद असलेल्यांनी हे स्वतःच्या मनानं करू नये.

काट्याबद्दल आत्ताच सांगून ठेवते. कर्बोदकं वाढवली की दोन-चार दिवसांत वजन किलो-दीड किलोनं चढेल. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, ते हे वजन. चरबी नव्हे. त्या आठवड्यात काटा पलंगाखाली सरकवून ठेवा.

पाचवी पायरी: व्यायामाची वेळ आणि जोर

संध्याकाळी व्यायाम केला की झोप जातेच असं नाही. मध्यम व्यायामानं बहुतेकांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दम काढणारा व्यायाम झोपायच्या तासाभरात संपवला तर. जोराचा व्यायाम आणि अंथरूण यांच्यात तीन तास ठेवता आले तर उत्तम, दोन तरी हवेतच.

ज्यांना कामामुळे रात्री साडेआठशिवाय वेळच मिळत नाही, त्यांनी आठवड्याची मांडणी बदलावी. स्प्रिंट, इंटरव्हल, पायांचा जड दिवस, हे सुट्टीच्या सकाळी. रात्रीच्या वाट्याला मध्यम वजनं, आणि प्रत्येक सेट अगदी गळून पडेपर्यंत न नेता दोन-तीन रेप (उचली) शिल्लक असताना थांबवायचा. कानठळ्या बसवणारी गाणी आणि डोळे दिपवणारे दिवे यांतून थेट अंथरुणात उडी घेऊ नका. शेवटची दहा मिनिटं चाला, श्वास नाकानं घेता येईल इतका खाली येऊ द्या.

त्यानंतर एक जुना आणि खरोखर चालणारा उपाय: झोपायच्या तास-दोन तास आधी गरम पाण्यानं अंघोळ. 40 अंशांच्या थोड्या वर, दहा मिनिटं पुरे. गरम पाण्यानं कातडीकडे रक्त येतं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि आतलं तापमान झटकन उतरतं. पाय गार पडत असतील तर मोजे घालून झोपा. पावलं उबदार असली की झोप लवकर लागते, आणि डाएटवाल्यांची पावलं बहुधा गारच असतात. खोली मात्र थंड हवी.

सहावी पायरी: एक आठवडा निम्मं काम

खाणं वाढवलं, कॅफीन कापलं, तरी सकाळची नाडी उतरत नाही, नेहमीचं वजन डोंगर वाटतं, जिमच्या दारातून परत फिरावंसं वाटतं. मग डिलोड. पाच ते सात दिवस सेटची संख्या निम्मी करा, वजन थोडंसंच कमी करा, इंटरव्हल पूर्ण बंद, बाकी वेळ चाला. त्याच आठवड्यात कॅलरीची तूटही बंद ठेवा, म्हणजे वजन स्थिर राहील इतकं खा. दोन्ही एकत्र करायचं. मी पहिल्यांदा फक्त व्यायाम कमी केला आणि खाणं तेवढंच ठेवलं, कारण "आता हालचाल कमी आहे". चार दिवस वाया गेले.

हा आठवडा अनेकांना सगळ्यात अवघड जातो. हातापायांना चाळा लागतो, आपण ढिले पडतोय असं वाटतं. पण ताकद आठवड्याभरात कुठे जात नाही. साधारण चौथ्या-पाचव्या रात्री सलग झोप लागते, निदान मला लागली. जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता आणि क्षणभर वाटलं, गजर बिघडला.

रात्री तीनला जाग आलीच तर

सगळं सुधारेपर्यंत मधल्या रात्री काढायच्या आहेतच. घड्याळ बघू नका. किती तास उरले हे मोजायला लागलात की झोप संपली. खरी भूक असेल तर खा. कपभर दूध आणि एक केळं, किंवा दह्याबरोबर थोडे ओट्स, दीडशे-दोनशे कॅलरी, मंद उजेडात, उभ्याउभ्या फ्रिजमध्ये डोकं न घालता बसून. भुकेनं तळमळत पडून राहण्यात कसलीही मर्दुमकी नाही. मात्र हे रोज व्हायला लागलं, तर चुकलंय ते रात्रीचं जेवण. ते वाढवा.

भूक नसेल आणि अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणातून उठा. दुसऱ्या खोलीत खुर्चीत बसून काहीतरी नीरस वाचा, डोळे मिटायला लागले की परत या. अंथरूण म्हणजे झोप, ही गाठ मेंदूत पुन्हा बसवायची आहे. 1970 च्या दशकापासून झोपेच्या उपचारांत हीच पद्धत वापरतात. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ बदलू नका. उठल्यावर लवकरात लवकर बाहेरच्या उजेडात जा. दुपारी डुलकी घ्यायची तर तीनच्या आत, वीस-तीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशीचा व्यायाम? एक रात्र वाईट गेली तर जा, पण जोर एक पायरी खाली आणा आणि जड, धोक्याच्या उचली टाळा. सलग तीन रात्री गेल्या असतील तर जिमचे बूट घालून फिरायला जा. झोप झाली नाही म्हणून जादा कॉफी आणि न चुकता वर्कआउट, हे चक्र मी पाच आठवडे फिरवलं, आणि त्याच पाच आठवड्यांत गुडघाही दुखावून घेतला.

गोळ्या आणि पावडरी

यावर फार शब्द खर्च करत नाही. मॅग्नेशियम शरीरात खरोखर कमी असेल तर उपयोग होऊ शकतो, नसेल तर फारशी आशा धरू नका. मेलाटोनिन शरीराचं घड्याळ पुढे-मागे सरकवायला बरं, भुकेनं आलेली जाग ते थांबवत नाही. सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या झोपेसाठी घेतल्या तर दुसऱ्या दिवशी डोकं जड राहतं. दारूनं झोप लवकर लागते आणि उत्तररात्री तुकड्यांत मोडते.

डॉक्टरकडे कधी

पाळी सलग तीन महिने आली नसेल तर थांबू नका, हाडांचा प्रश्न असतो. पुरुषांमध्ये कामेच्छा एकदम आटली असेल तरीही जा. पायांची अस्वस्थता असेल तर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो, आणि अस्वस्थ पायांच्या त्रासात फेरिटिन 75 च्या आत असलं तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. न खाता-पिता वजन उतरणं समजू शकतं, पण भरपूर खाऊनही उतरत असेल, हात थरथरत असतील, छाती दिवसाही धडधडत असेल, तर थायरॉइड बघायला हवं. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं जाड मानेच्या वजन उचलणाऱ्यांमध्येही असतं. शरीर कमावलेलं आहे म्हणून ते नाकारू नका. वजन उतरवायला कुणी दिलेल्या क्लेनब्युटेरॉल किंवा थायरॉइडच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना खरं सांगा, ते तुमची फिर्याद करणार नाहीत.

खाण्याचा विचार दिवसभर डोक्यातून जात नाही, रात्री अनावर होऊन खाल्लं जातं आणि सकाळी त्याची शिक्षा म्हणून जादा धावलं जातं, असं चालू असेल तर झोपेचा प्रश्न मागे ठेवा आणि या गोष्टीसाठी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या.

आठवड्यातून तीन रात्री याप्रमाणे तीन महिने झोप बिघडलेली असेल तर तो दीर्घ निद्रानाश. मूळ कारण गेलं तरी कधीकधी जागं राहण्याची सवय मागे उरते. त्यावर गोळीच्या आधी निद्रानाशासाठीची बोधात्मक वर्तन उपचार पद्धती सुचवली जाते, ती काही आठवड्यांची असते. जाताना ती सात दिवसांची वही बरोबर न्या. डॉक्टरांचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

पुन्हा सुरुवात करताना

सलग दहा-बारा रात्री बऱ्या गेल्या की डाएट परत चालू करायला हरकत नाही, पण या वेळी आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, याहून वेगानं उतरवायचं नाही. आधी खाणं थोडं कमी करा, दोन आठवडे व्यायाम आहे तोच ठेवा, मग व्यायाम वाढवा. दोन्ही एकदम ओढू नका, नाहीतर झोप बिघडली की दोष कुणाचा ते कळत नाही. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, दर पाच-सहा आठवड्यांनी एक डिलोड, हे कॅलेंडरवर आधीच लिहून टाका. दमल्यावर ठरवायचं म्हटलं तर आपण ते ठरवत नाही. वहीत सकाळची नाडी तेवढी लिहीत राहा. ती चार दिवस चढी दिसली किंवा पुन्हा तीनला जाग यायला लागली, तर शेवटी केलेला बदल मागे घ्या आणि आठवडाभर तिथेच थांबा.